न पिता बसायचं कसं: ग्रुपच्या खजिनदाराच्या सूचना

दारू सोडावी की नाही, हे तुमचं तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी ठरवा. मी सांगतोय ते त्याच्या पुढचं. सोडली किंवा कमी केली, आणि शनिवारी दुपारी ग्रुपवर ‘आज बसायचं का?’ असं आलं, तर जायचं की नाही? गेलो तर मागवायचं काय? बिल आल्यावर द्यायचे किती? आणि हे काही महिने जमलं, की बसायची वेळ आणि जागाच हळूहळू कशी हलवायची?

मी पेशाने अकाउंटंट. पुण्यातल्या बीएमसीसी कॉलेजपासूनचा आमचा ग्रुप आहे, त्याचा मी बिनपगारी खजिनदार. कुणाकडे किती थकलेत, कोण ‘घरी पोचून जीपे करतो’ म्हणाला आणि अजून पोचायचाच आहे, हे सगळं माझ्याकडे एक्सेलमध्ये असतं. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली, डॉक्टर म्हणाले बंद, मी बंद केली. ग्रुप सोडायचा मात्र प्रश्नच नव्हता. पंचेचाळिशीनंतर नवे मित्र मिळत नाहीत, सोसायटीचे मेंबर मिळतात.

पुढे जाण्याआधी एक गंभीर गोष्ट. जे रोज पितात, विशेषतः ज्यांचे सकाळी हात थरथरतात, त्यांनी स्वतःच्या मनाने एका रात्रीत बंद करू नये. शरीराला सवय लागलेली असताना अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. अशांसाठी डॉक्टर आहेत, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा आहेत, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. आधी तिकडे जा. मी लिहितोय ते महिन्यातून दोन-चारदा मित्रांबरोबर बसणाऱ्यांसाठी.

श्रावणाचा फायदा घ्या

सुरुवात गटारीच्या दुसऱ्या दिवशी करावी. श्रावणात ‘का घेत नाहीस?’ असं महाराष्ट्रात कुणी कुणाला विचारत नाही. श्रावण संपला की घरात गणपती, गणपती गेले की पितृपक्ष, तो संपला की घट बसले. श्रावणाच्या प्रतिपदेपासून दसऱ्यापर्यंत तिथी मोजा, सत्तर भरतात. सत्तर दिवसांचं फुकट संरक्षण. एवढी मुदत आम्हाला इन्कम टॅक्सवालेही देत नाहीत. देव मानत नसाल तरी घ्या.

या दिवसांत घरी बसून राहिलात तर मात्र सगळं वाया. जेवढ्या बैठका होतील तेवढ्यांना जा. तुमच्यासमोर लिंबू सोडा आहे या दृश्याची लोकांच्या डोळ्यांना सवय व्हायला हवी. दसऱ्याच्या रात्री कुणीतरी म्हणेलच, ‘चला, आता सुटलास!’ तोवर निम्म्या टेबलाला तुमच्या लिंबू सोड्याचं नवल राहिलेलं नसतं.

त्या रात्रीसाठी एक वाक्य तयार ठेवा आणि ते लहान ठेवा. ‘डॉक्टरांनी बंद केलीय’ हे पुरतं. ‘सध्या बंद आहे’ म्हणू नका. ‘सध्या’ ऐकलं की मंडळी तारीख विचारायला लागतात. ‘अँटिबायोटिक चालू आहेत’ ही थाप आठवडाभर चालते, मग दुसरी शोधावी लागते. डॉक्टरांचा काही संबंध नसेल तर ‘मला आता झेपत नाही’ म्हणा. त्यावर वाद घालता येत नाही, फार तर चेष्टा करता येते, आणि ती करू द्या. ग्रुपवर लिव्हरचे लेख मात्र फॉरवर्ड करू नका. तुम्ही सोडली हे लोक सहन करतात, प्रवचन सहन करत नाहीत.

प्रत्येक ग्रुपात एक मन्या असतो. ‘एक पेग तर घे, एकाने काय होतं’ हे तो पहिल्या राउंडला म्हणतो, दुसऱ्याला म्हणतो, तिसऱ्याला तुमच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो. टेबलावर त्याच्याशी भांडू नका. मधल्या वारी, ऑफिस सुटल्यावर त्याला एकट्याला फोन करा आणि खरं काय ते सांगा. माझ्या पाहण्यात, सगळ्यात जास्त आग्रह करणाऱ्यालाच आपल्या रिपोर्टची आतून धास्ती असते. आमच्या मन्याने फोनवर आधी दहा मिनिटं स्वतःच्या ट्रायग्लिसराइडचं सांगितलं. त्यानंतर आग्रह बंद.

परमिट रूममध्ये

पहिली ऑर्डर तुम्ही द्या. वेटर येतो तेव्हा बाकीचे व्हिस्की की रम, क्वार्टर की अर्धी, सोडा की पाणी यावर खल करत असतात. तेवढ्यात ‘एक फ्रेश लाइम सोडा, मीठ घालून, साखर नको’ सांगून मोकळे व्हा. तुमचा ग्लास सगळ्यांत आधी टेबलावर आला की पुढचा अर्धा आग्रह वाचतो, कारण आग्रह रिकाम्या हाताच्या माणसाला होतो. चीअर्स म्हणताना ग्लास उचला. लाजायचं काही कारण नाही.

साखर नको का, तर हिशोब सोपा आहे. ३०० मिली कोलात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. मित्रांच्या तीन राउंडला तुमचे तीन कोला म्हणजे वाटीभर साखर, आणि चरबी चढलेल्या लिव्हरला तीही नकोच असते. मॉकटेल म्हणजे रंगीत पाक, आणि किंमत बघाल तर जवळपास कॉकटेलची. मसाला ताक मिळत असेल तर त्याच्यासारखं काही नाही. जिथे मालवणी जेवण आहे तिथे सोलकढी मागवा, पण ती जेवणाबरोबर यायची असते, वेटरला ‘आत्ता आण’ असं स्पष्ट सांगा. बिनअल्कोहोलची बिअर हल्ली बऱ्याच ठिकाणी असते. तिच्या कॅनवर प्रमाण छापलेलं असतं ते वाचा. काहींत खरंच शून्य, काहींत अर्ध्या टक्क्यापर्यंत. चवीने जुनी तलफ जागी होत असेल तर तिच्या नादी लागू नका. मला स्वतःला ती आवडत नाही, खऱ्या बिअरएवढे पैसे मोजून खोटी बिअर प्यायला माझं मन धजत नाही.

चकण्यापासून सावध राहा. पिणारा माणूस शेंगदाणे एक-एक उचलतो. न पिणाऱ्याचा हात मोकळा असतो, आणि गप्पा रंगल्या की मसाला पापड, चणा कोळीवाडा, चकली, उकडलेली अंडी सगळं त्याच्याच पोटात जातं. यावर उपाय म्हणजे जेवणाची सूत्रं आपल्या हातात घ्या. एरवी काय होतं? अकरा वाजता वेटर येऊन ‘साहेब, किचन बंद होतंय, लास्ट ऑर्डर’ म्हणतो, मग घाईघाईत सहा माणसांसाठी नऊ भाज्या सांगितल्या जातात आणि निम्म्या पार्सल होतात. तुम्ही शुद्धीवर आहात, साडेनऊलाच रोट्या आणि दोन भाज्या सांगून टाका. पहिल्यांदा कुरकुर होईल. गरम रोटी समोर आली की मन्यासुद्धा खातो.

आणि निघायचं कधी? तिसऱ्या राउंडनंतर. तोवर गप्पा खरोखर चांगल्या असतात, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन, नोकरीतली भानगड. तिसऱ्यानंतर तोच किस्सा परत सुरू होतो, आणि सांगणाऱ्याला तो नवा वाटत असतो. सगळ्यांना हात मिळवत बसलात तर अर्धा तास जातो आणि ‘अरे बस रे!’ची फेरी होते. खजिनदाराला किंवा शेजारच्याला सांगा, आपला वाटा टाका आणि उठा.

सिगरेटचं एक सांगायला हवं. २ ऑक्टोबर २००८ ला सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली, तेव्हा आमचा ठाम अंदाज होता की आता परमिट रूम ओस पडणार. सहा महिन्यांत लोक उठून बाहेर जायला शिकले आणि आत कपड्यांना वास येणं थांबलं. बसण्याच्या सवयी बदलतात, आम्ही एकदा बदलताना बघितल्यात. पण त्यामुळे झालंय असं की मनातलं बोलणं आता दाराबाहेर होतं. तुम्ही ओढत नसलात तरी एखाद्या फेरीला बाहेर जा, नाहीतर टेबलावर पाच मोबाइल आणि तुम्ही एवढेच उरता.

बिल

आता माझा प्रांत. ग्रुप सोडून जाणारे लोक दारूमुळे कमी आणि बिलामुळे जास्त जातात, हे माझं मत आहे. लिंबू सोडा पिऊन तेराशे रुपये दोनदा भरले की तिसऱ्यांदा माणसाला ‘घरी पाहुणे’ असतात.

परमिट रूमच्या बिलात मुळातच दोन हिशोब असतात. खाणं, पापड, लिंबू सोडा यांवर साध्या हॉटेलात ५ टक्के जीएसटी. दारू जीएसटीत येतच नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट आहे. परमिट रूममध्ये तो आधी ५ टक्के होता, नोव्हेंबर २०२३ पासून १० झाला. म्हणजे खाणं आणि पिणं हॉटेलवाल्याला वेगळं दाखवावंच लागतं. कधी एकाच कागदावर वर-खाली, कधी दोन कागद. वेगळा हिशोब मागताना तुम्ही जगावेगळं काही मागत नाही, छापलेलं वाचायला सांगता.

उदाहरण घेऊ. सहा जण बसलेत, चार पिणारे, दोन न पिणारे. खाण्याचे २,४००, त्यावर जीएसटी १२०, झाले २,५२०. दारूचे ४,८००, व्हॅट ४८०, झाले ५,२८०. एकूण ७,८००. सरसकट सहा भाग केले तर प्रत्येकी १,३००. आता खाणं सहांत आणि पिणं चारांत वाटा. खाण्याचे प्रत्येकी ४२०, दारूचे प्रत्येकी १,३२०. पिणाऱ्याला १,७४०, न पिणाऱ्याला ४२०. आकडा चारशेवीसचा आला तरी हिशोब सरळ आहे. सरसकट वाटणीत न पिणारा ८८० रुपये जास्त देत होता. महिन्यातून दोनदा असं बसलं तर वर्षाला एकवीस हजारांच्या वर जातात. तेवढ्यात सोसायटीचा काही महिन्यांचा मेंटेनन्स निघतो.

हा हिशोब बिल आल्यावर मात्र काढायचा नाही. त्या वेळी टेबलावर एक जण भावुक असतो, एक ‘आज सगळं माझ्याकडून’ म्हणत असतो आणि एकाचा फोन स्विच ऑफ झालेला असतो. पहिली ऑर्डर देतानाच सहज आवाजात म्हणायचं, ‘आज खाणं सगळ्यांत, पिणं पिणाऱ्यांत.’ खजिनदार दुसरा कुणी असेल तर त्याला दुपारीच फोन करून सांगा, म्हणजे वाक्य त्याच्या तोंडून येईल. आमच्याकडे मन्या म्हणालाच, ‘मित्रांत कसला हिशोब?’ मी म्हटलं, अनोळखी माणसांबरोबर मी बसतच नाही, मग हिशोब करू कुणाशी? सगळ्यात आधी पाठिंबा दिला तो शिऱ्याने. तो एकच बिअर घेतो आणि गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या स्कॉचचे पैसे भरत होता, बोलला कधी नव्हता.

अपवाद ठेवा. कुणाचा वाढदिवस, प्रमोशन, मुलीला ॲडमिशन मिळाली, आणि तो भरतोय, तर कॅल्क्युलेटर खिशात. फरक शंभर-दोनशेचा असेल तरी खिशात.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. तो सक्तीचा करता येणार नाही असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम २०२२ मध्ये आले, प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते नियम कायम ठेवले. आवाज न चढवता सांगितलं की बहुतेक ठिकाणी बिल बदलून देतात. पण मग वेटरला रोख टीप द्या, आणि नीट द्या. तीन तास खुर्ची अडवून तुम्ही दोन लिंबू सोडे घेतलेत, त्याच्या टेबलाचं बिल तुमच्यामुळे कमी झालंय.

गाडी

न पिणारा सापडला की ग्रुपला ड्रायव्हर सापडतो. पहिल्या महिन्यात मी कोथरूडला राहून पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीपर्यंत माणसं सोडलीत. म्हणून नियम: आपल्या वाटेवरचे दोघे, बाकीच्यांना रिक्षा किंवा कॅब, ती तुम्ही बुक करून द्या. आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याचं जेवण ग्रुपकडून. हा दुसरा नियम लावला की चारशेवीसही द्यावे लागत नाहीत, आणि लोकांनाही तो पटतो, कारण कॅबचं भाडं त्यांना माहीत असतं. डिकीत पाण्याची बाटली आणि दोन जाड कॅरीबॅगा ठेवा, कशासाठी ते लिहीत नाही.

‘मी ठीक आहे, हळू चालवतो’ म्हणणाऱ्याला चावी देऊ नका. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, ती ओलांडायला फार लागत नाही. पहिल्यांदा सापडलं तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिंबू, ताक, ब्लॅक कॉफी यांनी काही उतरत नाही. शरीर आपल्या गतीने, १०० मिली रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या हिशोबाने उतरवतं, त्यात घाई करता येत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर गाडीखाली गेले, त्यानंतर पुण्यात हे कुणाला वेगळं समजावावं लागू नये. तरी लागतं.

घरी बसले तर

दर वाढल्यापासून आमच्यासारखे बरेच ग्रुप वाइन शॉपमधून आणून कुणाच्या तरी टेरेसवर बसतात. न पिणाऱ्याला हे हॉटेलपेक्षा अवघड. किचन बंद होत नाही, बिल येत नाही, रात्र संपत नाही. दोनच गोष्टी करा. आपलं पेय घरून न्या. आगळ, मीठ आणि थंड पाणी घालून कोकम सरबताची बाटली नेली तर दोन पिणारेही त्यातलं मागतात. आणि गाडी सगळ्यांत शेवटी, गेटच्या बाहेर लावा. आत लावली आणि मागे शिऱ्याची गाडी आली, की तो उठेपर्यंत तुमची सुटका नाही.

पब

थोडक्यात उरकतो, कारण आमच्या वयाला आणि न पिणाऱ्याला पब सोसत नाही. आवाजात बोलणं होत नाही, आणि बोलणं होत नसेल तर न पिणाऱ्याने तिथे करायचं काय? ऑफिसच्या पार्टीसाठी जावंच लागलं तर आधी फोन करून विचारा: नुसत्या पुरुषांच्या ग्रुपला प्रवेश आहे का, कव्हर चार्ज किती, तो खाण्यात वळता होतो का. सहा टक्कल पडलेल्या इसमांना ‘स्टॅग एंट्री नाही’ म्हणून दारातून परत पाठवलं जातं, तेव्हाचे चेहरे मी पाहिलेत, त्यातला एक माझा होता. टीममध्ये नुकते लागलेले ज्युनियर असतील तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकीला २५ वर्षं पूर्ण लागतात.

मायक्रोब्रुअरी त्यातल्या त्यात बरी. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली, मग अशा जागा वाढल्या. तिथे रविवारी दुपारी जा. लोक मुलांना घेऊन येतात, टेबलावर बोर्ड गेम असतात, खाणं चांगलं असतं, आणि तुमच्या ग्लासात काय आहे याकडे कुणी बघत नाही.

वेळ हलवा, माणसं आपोआप हलतात

आता खरं काम. ‘चला, आपण सगळे सोडू’ असं म्हणून कुणी सोडत नाही. पण ‘रविवारी सकाळी साडेआठला मिसळ’ म्हटलं तर त्या वेळेला मन्याही दारू मागत नाही. माणसाला बदलायला जाऊ नका, घड्याळ बदला.

पहिला प्रयोग ड्राय डेला लावा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सुट्टी असते, दुकानं बंद असतात, सगळे मोकळे आणि अस्वस्थ असतात. आदल्या दिवशी कुणी साठा करायच्या आत ग्रुपवर वेळ आणि जागा टाका. ‘कुठे भेटूया?’ असं विचारू नका, त्यावर चाळीस मेसेज होतात आणि भेट होत नाही. ‘शुक्रवार, सकाळी साडेआठ, गुडलक, मी टेबल धरतो’ असं लिहा आणि खरंच आधी जाऊन धरा.

गुडलक म्हटलं कारण डेक्कनचं हे इराणी हॉटेल १९३५ पासून आहे आणि बीएमसीसीच्या पोरांना पत्ता सांगावा लागत नाही. बन मस्का, चहा, ऑम्लेट. सहा माणसांचं बिल परमिट रूममधल्या एका माणसाच्या वाट्याएवढं येतं. गर्दी असते आणि उठायची वाट बघणारे डोळे मानेला टोचतात, हे खरं. म्हणून भेटीचा पहिला तास टेकडीवर घाला आणि दुसरा हॉटेलात. आम्ही वेताळ टेकडीवर भेटतो. चालताना बोलणं बरं होतं, समोरासमोर बघावं लागत नाही, आणि ज्याला कर्जाबद्दल किंवा बायकोबद्दल काही सांगायचंय तो दोन पावलं मागे रेंगाळतो, आपणही रेंगाळायचं. पूर्वी असं बोलायला त्याला तीन पेग लागायचे.

वैशाली, रूपाली, वाडेश्वर हे पर्याय आहेतच. शनिवार-रविवारी थांबावं लागतं, चार जणांच्या वर जाऊ नका. अमृततुल्य मोठ्या ग्रुपला पुरत नाही. आलं-वेलदोड्याचा तो चहा दोन घोटांत संपतो, बाकं दोन, गप्पा फार तर वीस मिनिटं. ऑफिस सुटल्यावर एकाच मित्राला गाठायचं असेल तर त्याच्यासारखी जागा नाही.

नव्या कॅफेंबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. अडीचशे-तीनशेची कॉफी, शेजारी लॅपटॉप उघडून कुणी अमेरिकेशी बोलतोय, आणि खुर्च्या अशा की कंबर दहा मिनिटांत तक्रार करते. पण दोन गोष्टी त्यांच्या बाजूने. एक, रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि कॉफीच्या एका कपावर तासभर कुणी हटकत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, ती पुढे सांगतो. रात्री जात असाल तर कॉफी नको, हॉट चॉकलेट किंवा हर्बल चहा घ्या. कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. आठला घेतलेली कॉफी दीडला छताकडे बघायला लावते.

ती दुसरी गोष्ट. कॉलेजात आमच्या ग्रुपात मेधा, स्वप्नाली, अर्चना होत्या. परमिट रूम सुरू झाल्यावर त्या हळूहळू बंद झाल्या. कुणी ‘येऊ नका’ म्हटलं नव्हतं. पण खाली अंधारा हॉल, वर ‘फॅमिली रूम’, रात्री अकराला संपणारी बैठक, त्यांना कोण आणि का बोलावणार? आम्ही बोलावणंच सोडलं. वेळ सकाळची झाली आणि जागा टेकडी-कॅफेची, तेव्हा मेधा पहिल्याच फटक्यात आली, पुढच्या वेळी अर्चनाला घेऊन आली. अर्चना स्वतः वाइन घेते, कुणापासून लपवत नाही. तिला अडचण दारूची नव्हती, त्या हॉलची होती. म्हणून यादी करताना आत्ता कोण येतं एवढंच बघू नका, पूर्वी यायचं आणि आता येत नाही असं कोण आहे ते लिहा. त्यांच्या सोयीची वेळ धरा. ग्रुपचा रंग दोन भेटींत पालटतो, बोलण्यातले विषयसुद्धा.

संध्याकाळच्या बैठका पूर्ण बंद करायला जाऊ नका, ग्रुप फुटेल. महिन्यातून दोन असतील तर एक रात्रीची राहू द्या, एक सकाळची करा. रात्रीच्या भेटींना आपल्याकडे आयती निमित्तं आहेत, ती वापरा. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटवायचं. सहा माणसांना दोन लिटर दूध पुरतं, केशर नसेल तरी जायफळ हवंच. थंडीत हुरडा. पुण्याच्या आसपासची शेतं माणशी पैसे घेतात, त्यात हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ आणि दुपारचं जेवण येतं. ठरवण्याआधी ‘बाहेरची दारू चालते का’ हे मालकालाच विचारा आणि त्याचा नकार ग्रुपवर जसाच्या तसा टाका. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. गाणं कळत नसलं तरी तिथल्या स्टॉलवर खाऊन गवतावर गप्पा मारणाऱ्यांची संख्या कमी नसते.

राहिला ३१ डिसेंबर. त्या दिवशी जागा-वेळ हलवायच्या भानगडीत पडू नका, हरता. सरकार बहुतेक वर्षी पहाटे पाचपर्यंत परवानगी देतं, म्हणजे शेवट बघायला थांबणं वेडेपणा. आठला जा, दहाला जेवा, साडेदहाला दोघांना गाडीत घालून निघा. जाण्याआधीच ग्रुपवर टाकून ठेवा: १ जानेवारी, सकाळी दहा, मिसळ. जे येतील ते येतील. आणि ३१ ची वर्गणी ३० तारखेलाच जमा करा. एक तारखेला कुणी खजिनदाराचा फोन उचलत नाही.